वाचक विचारतात : लॉ स्कूलचा अर्ज कधी टाकला म्हणजे शिष्यवृत्ती मिळते?

कायद्याचं शिक्षण आणि त्याचा खर्च यांविषयी आलेल्या पत्रांतली सहा पत्रं या अंकात घेतली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखे होते त्यांनी आपलं उत्तर त्यातच शोधावं.

प्रश्न : लेक देवी अहिल्या विद्यापीठात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत जेडी (तिकडची तीन वर्षांची कायद्याची पदवी) करायचं आहे. एका सल्लागारानं सांगितलं, की अर्ज १ सप्टेंबरलाच टाका, पहिल्या शंभरात नंबर लागला की शिष्यवृत्ती पक्की. तिला जूनच्या एलसॅटमध्ये (तिकडच्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेत) १५७ मिळाले. सराव परीक्षांत आता १६२-१६३ येतात. थांबावं की टाकून मोकळं व्हावं? (एक आई, राजेंद्रनगर, इंदूर)

सल्लागारानं अर्धं खरं सांगितलंय. अमेरिकेतली बहुतेक लॉ स्कूल्स आलेले अर्ज येतील तसे वाचतात आणि निर्णयही तसेच देत जातात. अर्ज घेणं साधारण सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत, काही ठिकाणी त्याहीपुढे चालतं. जागा आणि शिष्यवृत्तीचा पैसा दोन्ही याच क्रमानं संपत जातात. म्हणून फेब्रुवारीतल्या उमेदवाराला तेवढेच गुण असूनही ऑक्टोबरमधल्यापेक्षा कमी पैसे देऊ केले जाणं नवलाचं नाही.

पण ‘पहिले शंभर’ असं काही नसतं. १ सप्टेंबर आणि २५ ऑक्टोबर यांत पडणारा फरक नगण्य असतो, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी यांतला मात्र चांगलाच जाणवतो. आणि या दोन्हींपेक्षा मोठा फरक १५७ आणि १६२ यांत आहे.

कारण असं, की गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती ही तिकडे बरीचशी खरेदी असते. लॉ स्कूलचं नाव रँकिंगमध्ये वर राहण्यात त्या वर्षीच्या वर्गाच्या मधल्या विद्यार्थ्याचा, म्हणजे मीडियनचा एलसॅट स्कोअर मोजला जातो. एखाद्या कॉलेजचा मीडियन १६० असेल तर १६२ची मुलगी त्यांचा आकडा वर ढकलते आणि १५७ची खाली ओढते. पहिलीला आणायला ते पैसे मोजतील. दुसरीला घेतलंच तर पूर्ण फी घेऊन घेतील. शिवाय आपल्याकडच्या पदवीचे टक्के तिकडच्या ४.०च्या (जीपीएच्या) मापात बसवले जात नाहीत. एलसॅट घेणारी एलसॅक ही संस्था परदेशी गुणपत्रिकांवर ‘उत्कृष्ट’, ‘सरासरीपेक्षा वर’ अशा धर्तीचा शेरा देते, आकडा देत नाही. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत पैशाचं जवळपास सगळं ओझं एलसॅटच्या एकाच आकड्यावर येतं.

तेव्हा १५७वर अर्ज टाकू नका. ‘आत्ता टाकू, ऑक्टोबरचा स्कोअर आला की जोडू’ असंही मनात आणू नका. पुढच्या परीक्षेसाठी नाव नोंदवलेलं असेल तर ते कॉलेजला दिसतं, आणि बरीच कॉलेजं तो स्कोअर येईपर्यंत फाईल बाजूला ठेवतात. म्हणजे लवकर टाकल्याचा फायदाही गेला.

ठरवायचं ते असं. एलसॅट वर्षातून अनेकदा होते, ऑगस्ट ते नोव्हेंबर दर महिन्याला आणि पुढे जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, जून. नोंदणी परीक्षेच्या पाच-सहा आठवडे आधी बंद होते, निकाल साधारण तीन आठवड्यांनी येतो. सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची परीक्षा द्या आणि निबंध, शिफारसपत्रं, ट्रान्स्क्रिप्ट असं बाकी सगळं त्याआधी तयार ठेवा, म्हणजे निकाल आल्यावर चार दिवसांत अर्ज जाईल. घसरगुंडी इथेच होते. स्कोअर ऑक्टोबरात येतो, निबंध डिसेंबरात लिहून होतो, आणि दोष मात्र नशिबाला. नोव्हेंबरचा स्कोअर चांगला आला तरी नाताळच्या आत अर्ज गेला तर अजून वेळेत आहे. जानेवारीच्या परीक्षेवर भिस्त ठेवायची वेळ आली, तर आमचं स्पष्ट मत असं की ते वर्ष सोडावं आणि पुढच्या सप्टेंबरात अर्ज करावा. मराठी घरात ‘वर्ष वाया गेलं’ हे शब्द फार बोचतात, ठाऊक आहे. पण समजा फी वर्षाला ५५,००० डॉलर आहे आणि थांबल्यामुळे निम्मी माफ झाली, तर तीन वर्षांचे ८२,५०० डॉलर वाचतात. इंदुरात पहिल्या नोकरीच्या एका वर्षात एवढी कमाई कुणाची होत नाही.

परीक्षा पुन्हा देण्याला घाबरू नका. पाच वर्षांतले सगळे स्कोअर कॉलेजला दिसतात, पण मीडियनच्या हिशोबात सर्वांत वरचा धरला जातो. मर्यादा आयुष्यात सात वेळा, आणि ग्राह्य धरल्या जाणाऱ्या कालावधीत पाच वेळा, इतकी आहे. ऑगस्ट २०२४पासून परीक्षेतून कोड्यांचा विभाग गेला आहे. आता गुणांत धरले जाणारे दोन विभाग तर्काचे आणि एक आकलनाचा, शिवाय न मोजला जाणारा एक, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. कोडी असलेली जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून आणू नका.

कॉलेजं निवडताना प्रत्येकाच्या संकेतस्थळावर ‘स्टँडर्ड ५०९’ नावाचा अहवाल शोधा. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार तो दर डिसेंबरात जाहीर करावाच लागतो. त्यात एलसॅटचे २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे असतात, आणि किती विद्यार्थ्यांना निम्म्याहून कमी, निम्मी ते पूर्ण, आणि पूर्ण फीएवढी मदत मिळाली तेही असतं. लेकीचा स्कोअर ज्यांच्या ७५च्या आकड्याच्या वर आहे अशी तीन-चार कॉलेजं यादीत हवीतच. पैसा तिथून येईल, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीच्या पत्रांच्या जोरावर इतर कॉलेजांशी बोलता येईल. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड गुणांवर शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून, त्यामुळे लवकर अर्ज करून रक्कम वाढत नाही.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. तीन वर्षांची बी.कॉम. पदवी प्रत्येक कॉलेज जशीच्या तशी मानतं असं नाही. यादीतल्या प्रत्येकाला ई-मेल करून लेखी उत्तर मागा. त्याच ई-मेलमध्ये अर्जाची फी माफ होईल का तेही विचारा, पुष्कळदा होते.

प्रश्न : ‘अर्ली डिसिजन’नं प्रवेशाची शक्यता वाढते असं ऐकलं. शिष्यवृत्तीही वाढते का? (तिलकनगर)

उलट. अर्ली डिसिजन म्हणजे ‘घेतलंत तर मी येणारच, बाकी सगळे अर्ज मागे घेईन’ असा शब्द. जो येणारच आहे त्याला आणायला पैसे कोण देईल? मोजक्या कॉलेजांत या मार्गानं येणाऱ्यांना ठरावीक रक्कम जाहीर केलेली असते, ती लेखी असेल तरच विचार करा. पैशाची चिंता नसलेल्यांसाठी हा रस्ता ठीक आहे.

प्रश्न : ट्रान्स्क्रिप्ट आणि कागदपत्रांना किती वेळ धरावा? (सुदामानगर)

दोन महिने, आणि सुरुवात जुलैत. एलसॅककडे ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच जावी लागते. घरच्या कपाटातल्या मार्कशीटची झेरॉक्स चालत नाही. एलसॅकच्या खात्यात आधी विद्यापीठाचं नाव घालायचं, तिथून विनंतीचा फॉर्म काढायचा, आणि तो ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जासोबत विद्यापीठात द्यायचा, म्हणजे पाकिटात तो कागद राहतो. तो नसला तर पाकीट पोचूनही कुणाच्या खात्यात टाकायचं हे त्यांना कळत नाही. पोचल्यावर त्यांना तपासायला साधारण दोन आठवडे लागतात, हंगामात अधिक. कॉलेज बदललं असेल किंवा एका वर्षी एटीकेटी लागली असेल, तर सगळ्या प्रयत्नांच्या मार्कशीट जोडलेल्या आहेत ना ते खिडकीवरच पाहून घ्या.

मराठी मंडळींची खास अडचण नावाची. मार्कशीटवर नाव-आडनाव, पासपोर्टवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, आणि मध्य प्रदेशातल्या एखाद्या जुन्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग हिंदी उच्चाराप्रमाणे. एलसॅटच्या नोंदणीत नाव पासपोर्टप्रमाणेच घाला, परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी तेच ताडून पाहतात. दुसरी रूपं एलसॅकच्या खात्यात ‘इतर नावं’ म्हणून नोंदवा.

शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना ऑगस्टच्या आत विचारा. दिवाळीच्या सुट्टीत पत्र मागणाऱ्याला नोव्हेंबरच्या अखेरीस पत्र मिळतं. ज्यांनी तुमचा एखादा निबंध किंवा प्रकल्प वाचला आहे असे सर प्राचार्यांपेक्षा कामाचे.

प्रश्न : दोन कॉलेजांनी प्रवेश दिला. एक वर्षाला २५,००० डॉलर देतं, पण पत्रात ‘वर्गाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात राहिल्यास’ असं आहे. दुसरं १८,००० देतं, अट फक्त ‘समाधानकारक प्रगती’. पहिल्याला होकार द्यावा का? आणि रक्कम वाढवून मागणं बरं दिसतं का? (वैशालीनगर)

दुसऱ्याकडे कल ठेवा. अमेरिकन लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला गुण ठरावीक वक्रावर दिले जातात. किती जणांना ए, किती जणांना बी हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. वर्गातले बहुतेक तुमच्याच तोडीचे. वरच्या तिसऱ्या हिश्शात राहण्याची अट निम्म्या वर्गाला घातली असेल, तर त्यातले निदान काही जण ती रक्कम गमावणार हे गणितानंच ठरलंय. पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्ती गेली तर उरलेली दोन वर्षं पूर्ण फी. ५०९ अहवालात अटींच्या शिष्यवृत्त्यांचं वेगळं कोष्टक असतं, किती जणांना दिली आणि किती जणांची कमी झाली किंवा काढून घेतली. पहिल्या कॉलेजचं ते कोष्टक आधी पाहा. बरेचजण काढून घेतलेले दिसले तर त्या २५,००० ला १०,००० समजूनच हिशोब मांडा.

वाढवून मागणं वाईट मुळीच दिसत नाही. तिकडे त्याला ‘पुनर्विचाराची विनंती’ म्हणतात आणि पुष्कळ कॉलेजांत त्यासाठी फॉर्मच असतो. फेब्रुवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध हा त्याचा काळ. जागा राखून ठेवण्याची रक्कम भरण्याआधीच मागा, एकदा पैसे भरले की तुमचं वजन कमी झालं. अर्ली डिसिजन वगळता १ एप्रिलच्या आत पक्का होकार मागू नये असं एलसॅकच्या आचारसंहितेत आहे, तेव्हा घाई करणाऱ्या ई-मेलनं घाबरू नका.

पत्र दहा ओळींचं पुरे. कॉलेज का आवडलं ते एका वाक्यात, मग दुसऱ्या कॉलेजची रक्कम आणि त्याचं पत्र सोबत जोडून, मग ‘माझी रक्कम एवढी झाली तर मी येऊ शकेन’ असा नेमका आकडा. दुसरं कॉलेज साधारण त्याच तोलाचं हवं. रँकिंगमध्ये बरंच खाली असलेल्या कॉलेजचं पत्र दाखवलं तर उत्तर नम्र नकाराचं येतं. अटीच्या शिष्यवृत्तीत रक्कम वाढवण्याऐवजी अट सैल करायला सांगणं पुष्कळदा जास्त फळतं. खोटा आकडा कधीही लिहू नका, पत्र मागतातच.

आणखी एक. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मिळवण्यासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दाखवावा लागतो आणि शिष्यवृत्तीची रक्कम त्यातून वजा होते. म्हणून नवी रक्कम ठरली की सुधारित पत्र मागून घ्या, नाहीतर बँकेकडून कर्जाचं जास्तीचं मंजुरीपत्र उगाच आणावं लागेल.

प्रश्न : मी इंदूर खंडपीठात वकिली करतो. सनद घेऊन दोन वर्षं चार महिने झाले. ब्रिटन किंवा अमेरिकेत एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करायचं आहे, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच. कुठून सुरुवात करू? (एक वकील, रामबाग)

कॉलेजची शेवटची तारीख विसरा आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखांपासून मागे या. एलएलएममध्ये जेडीचं तर्कशास्त्र चालत नाही. एलएलएमच्या विद्यार्थ्यांचे गुण त्या रँकिंगच्या आकडेमोडीत धरले जात नाहीत, त्यामुळे कॉलेजला तुम्हाला विकत घेण्याची गरज नसते. मोठा पैसा बाहेरच्या शिष्यवृत्त्यांतून येतो, आणि त्यांतल्या काही प्रवेशाच्या आधी अर्ज मागतात, काही प्रवेश हातात असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. हा फरक न पाहिल्यामुळे पुष्कळांचं एक वर्ष जातं.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिप अमेरिकेसाठी. तिच्या विषयांत आंतरराष्ट्रीय कायदेविषयक अभ्यास आहे, पण तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि पदवीला ५५ टक्के लागतात. अर्ज सहसा मे महिन्यापर्यंत, तोही प्रत्यक्ष जाण्याच्या सव्वा वर्ष आधी. तुम्ही आज पात्र नाही, आठ महिन्यांनी व्हाल. हे पुढच्या फेरीसाठी लिहून ठेवा.

चीव्हनिंग ब्रिटनसाठी. दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद, शेवटची तारीख दरवर्षी सरकते. तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात. प्रवेशपत्र तेव्हा हातात नसलं तरी चालतं, पण पुढच्या उन्हाळ्यात निवड झाल्यावर बिनशर्त प्रवेश दाखवावा लागतो. म्हणून विद्यापीठांचे अर्ज त्याच शरद ऋतूत समांतर चालू ठेवा. शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट आहे, ती घरी आधी सांगून ठेवा.

कॉमनवेल्थ मास्टर्स शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतात आणि भारतातून नामांकन केंद्रीय शिक्षण मंत्रालय करतं. तिथेही उशीर चालत नाही. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीला वेगळा अर्जच नाही, अभ्यासक्रमाचा अर्ज डिसेंबर किंवा जानेवारीच्या ठरलेल्या तारखेआधी गेला की विचार आपोआप होतो. एक दिवस उशीर झाला तरी कदाचित अर्ज स्वीकारतील, पण पैशाच्या यादीत तुमचं नाव नसेल. केंब्रिजचे एलएलएमचे अर्ज आणि हार्वर्डचे एलएलएमचे अर्जही डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात, तेव्हा विद्यापीठांच्या अर्जांसाठी ‘३० नोव्हेंबर’ ही एकच तारीख भिंतीवर लावा.

इनलॅक्स वेगळी. ती तीस वर्षांखालच्या भारतीयांना, कमाल एक लाख डॉलरपर्यंत. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, साधारण मार्चपर्यंत, आणि प्रवेशपत्र हातात हवंच. मार्चच्या अखेरीस निर्णय देणारी विद्यापीठं यासाठी उपयोगाची नाहीत. लवकर उत्तर देणारी दोन-तीन सप्टेंबर-ऑक्टोबरातच गाठा. के. सी. महिंद्राची मदत बिनव्याजी कर्जाच्या रूपात असते आणि तिचे अर्जही मार्चअखेर संपतात. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागीर कुटुंबातल्या उमेदवारांनी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पाहावी. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, वय पस्तीसपर्यंत, गुण किमान ६० टक्के.

अनुभवाचा पुरावा हा वकिलांचा कच्चा दुवा. पगारपत्रक नसतं. ज्या सीनियरकडे काम करता त्यांच्या लेटरहेडवर ‘अमुक तारखेपासून, आठवड्याला इतके तास’ असं पत्र आजच घ्या. सनदेची प्रत आणि स्वतःचं नाव असलेली वकालतनामे किंवा आदेशपत्रकं जपून ठेवा. निबंधात ‘कायद्याची आवड लहानपणापासून’ वगैरे नको. खंडपीठात कोणत्या प्रकारचे खटले चालवलेत, त्यात कायद्याची कोणती फट दिसली, आणि परत येऊन तिथे काय करणार, एवढंच लिहा.

प्रश्न : नातू यंदा बारावीला, सीबीएसई. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार आहे. आम्ही इंदुरात चार पिढ्या, घरात मराठीच बोलतो. महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत मराठी म्हणून राखीव जागा मिळेल का? फीची काही सोय? (एक आजोबा, लोकमान्यनगर)

नाही, आजोबा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या महाराष्ट्राच्या जागा महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत, मराठी बोलणाऱ्यांसाठी नाहीत. नातवाचा हक्क मध्य प्रदेशच्या जागांवर आहे, भोपाळच्या एनएलआययूत, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात, तो चांगला उपयोगी पडतो. क्लॅटच्या फॉर्ममध्ये रहिवासाचं राज्य निवडताना भावनेच्या भरात महाराष्ट्र टाकू देऊ नका.

अलीकडच्या वर्षांत क्लॅट डिसेंबरात होते, १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. फॉर्म पावसाळ्यात सुटतात, दिवाळीच्या आसपास बंद होतात. फीची खरी सोय राज्याच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत आहे. क्लॅटमधून राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मध्य प्रदेशच्या मूळ रहिवासी मुलांची फी राज्य भरतं. पण अट बारावीच्या टक्क्यांची आहे, सीबीएसई किंवा आयसीएसईला ८५ आणि मध्य प्रदेश बोर्डाला ७०. उत्पन्नाची मर्यादा पोर्टलवर पाहून घ्या.

मुलं नेमकी इथेच फसतात. डिसेंबरपर्यंत क्लॅटचे क्लास, बोर्डाचा अभ्यास जानेवारीत सुरू, आणि ८३ टक्के. रँक मिळते, भोपाळ मिळतं, पाच वर्षांची फी मात्र घरून. नातवाला सांगा, आठवड्यातले दोन दिवस बोर्डाचे, ऑगस्टपासूनच.

मूळ निवासी आणि उत्पन्नाचे दाखले निकालाआधी काढून ठेवा. समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी-ओळख क्रमांकाची) ई-केवायसी, आधारशी जोडलेलं नातवाच्याच नावाचं बँक खातं, आणि समग्र, आधार, दहावीची मार्कशीट या तिन्हींवर नावाचं एकच रूप, हे आजच तपासा. समग्रमधली दुरुस्ती वॉर्डाच्या कार्यालयातून होते आणि जून-जुलैत तिथे रांग असते. प्रवेशाच्या वेळची पहिली रक्कम घरून भरायची तयारी ठेवा, योजनेचा पैसा मागाहून येतो.